मुके अक्षर

आपले नाव कुणी चुकीचे उच्चारले की आपल्याला राग येतो. पण आपल्या माणसाचे नाव कुणी चुकीचे उच्चारले, तर राग येत नाही. आत कुठेतरी दुखते. हा बारीकसा फरक कळायला मला वयाची सत्तरी ओलांडावी लागली. आणि तो मला शिकवला कुणी म्हणाल, तर स्पॅनिश भाषेतल्या एका मुक्या अक्षराने.

त्याचे असे झाले. माझी मुलगी आणि जावई नोकरीच्या निमित्ताने माद्रिदला राहतात. माझी पत्नी गेली, त्याच्या दुसऱ्या वर्षी मुलीला मुलगी झाली. बाळंतपणासाठी ती पुण्याला आली होती. बाळाला पाळण्यात घालताना आत्याबाईंनी त्याच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितले – हेमा. आजीचे नाव नातीला ठेवायची आपल्याकडची रीत जुनीच आहे. त्यात नवल काही नाही. पण बाहेर बायका पाळणा म्हणत होत्या, आणि मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पाण्याच्या पिंपाचे झाकण उघडून आत पाहत उभा होतो, एवढे मला आठवते.

पोर सहा वर्षांची झाली, शाळेत जाऊ लागली. एका रविवारी फोनच्या पडद्यावरून गप्पा चालल्या असताना ती सहज म्हणाली, "आजोबा, मला शाळेत हेमा नाही म्हणत. एमा म्हणतात."

"एमा? ही कोण आणखी?"

"मीच!" असे म्हणून ती खदखदून हसली. मला मात्र हसू आले नाही. मी मुलीला म्हणालो, "अगं, त्या मास्तरणीला नीट सांग ना, 'ह' म्हणून!"

"बाबा, सांगून होणार नाही ते. इथे एच् लिहितात, पण बोलत नाहीत. कागदावर एच् दिसला की ते त्याला ओलांडून पुढे जातात."

"मग दुसरं अक्षर घाल एखादं. त्या भाषेत 'ह' कशाने लिहितात?"

"जवळात जवळचा म्हणजे जे. पण माद्रिदचे लोक जेचा उच्चार घशातून 'ख' करतात. मग तिला सगळे खेमा म्हणतील."

खेमा म्हणजे तर तंबू! माझ्या बायकोच्या नावाचा कुणी तंबू करावा, हे मला मुळीच मानवण्यासारखे नव्हते. एमा म्हणावे तर पहिले अक्षर गेले, खेमा म्हणावे तर नावच गेले. 'बरं, मी येतो तेव्हा पाहू,' असे म्हणून मी फोन ठेवला. जणू काही मी तिथे गेल्याबरोबर स्पॅनिश लोक आपले व्याकरण बदलण्यासाठी माझीच वाट पाहत बसले होते!

गेल्या वर्षी तीन महिन्यांचा व्हिसा काढून मी माद्रिदला गेलो. पहिल्याच सकाळी जिन्यात एक गृहस्थ भेटले. माझ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "ओला!" मी दचकून सदरा चाचपून पाहिला. खाली पाववालीही म्हणाली, "ओला!" बाहेर तर लख्ख ऊन पडलेले. शेवटी नातीने खुलासा केला की, ओला म्हणजे नमस्कार; आणि तो एच् घालून लिहायचा. एच् न घालता लिहिला, तर त्याचा अर्थ समुद्राची लाट. मी मनात म्हटले, चला, निदान लाट तरी खरोखरीच ओली असते!

माझी नात त्या वेळी दुसरीत होती, आणि या एच्ने तिला अगदी जेरीस आणले होते. आपल्याकडे पूर्वी गुरुजी शुद्धलेखन घालीत, तसे तिच्या शाळेत आठवड्याला घालतात. बाई वाचतात, मुले लिहितात. आता जे अक्षर बाईंच्या तोंडातून बाहेरच पडत नाही, ते मुलांनी ऐकावे कसे? तिच्या वहीत लाल शाईची वर्तुळे होती आणि जवळजवळ प्रत्येक वर्तुळात एक एच् बाईंनी मागाहून आणून बसविलेला होता. संध्याकाळी आम्ही दोघे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसू लागलो. तिला आजोबा मिळाले, आणि मला सत्तरीनंतर पुन्हा दुसरीत बसायला मिळाले.

या अक्षराचे स्पॅनिश नाव 'आचे'. गंमत अशी की, अक्षराच्या नावातही पहिला एच् आहे, आणि तोही मुकाच. शेवटच्या 'चे'मध्ये मात्र सीच्या शेजारी बसून तो 'च' म्हणतो. म्हणजे एकटा असला की गप्प आणि सोबत मिळाली की बोलका. अशी माणसेही आपण पाहिलेली असतात.

नातीच्या वहीत या आचेचे नियम पहिल्या पानावर लिहिलेले होते. 'असणे', 'करणे', 'बोलणे', 'राहणे' या अर्थांची जी क्रियापदे आहेत – अबेर, आथेर, अब्लार, अबितार – त्यांच्या झाडून साऱ्या रूपांना एच् लावायचा. 'ये' किंवा 'उए' अशा जोडस्वराने शब्द सुरू झाला की एच् लावायचा. 'उम' आणि त्यापुढे स्वर असला की लावायचा. माणूस, धूर आणि नम्र हे तिन्ही शब्द त्यात आले. ग्रीकमधून आलेल्या इद्रो, इपेर, एतेरो अशा उपसर्गांना लावायचा. उद्गारवाचक 'आ', 'ए', 'ओ' यांना तो शेवटी लावायचा. म्हणजे आश्चर्याने तोंड उघडले की शेवटी एक मुके अक्षर बाहेर पडते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे शब्दाच्या पोटात लपलेला एच्. गाजराला तिथे 'थानाओरिया' म्हणतात. त्यात 'आ' आणि 'ओ' यांच्या मधल्या फटीत एक एच् बसलेला असतो. उशीत आहे, घुबडात आहे, 'आता' या अर्थाच्या शब्दातही आहे. नात म्हणे, "आजोबा, हा लपंडाव खेळतो!"

शिवाय जोड्या आहेतच. 'एचो' एच् घालून लिहिला तर 'केलेले', न घालता लिहिला तर 'मी टाकतो'. 'आस्ता' एच् घालून 'पर्यंत', न घालता 'झेंड्याची काठी'. 'ओखेआर' एच् घालून 'पाने चाळणे', न घालता 'नजर टाकणे'. कारण पान म्हणजे 'ओखा' आणि त्याला एच् आहे, डोळा म्हणजे 'ओखो' आणि त्याला नाही. कानाला सारे सारखेच. फरक फक्त डोळ्याला दिसतो. कारणे सांगत बसायचा कंटाळा आला की स्पॅनिश माणूस म्हणतो, 'आचेमुळे म्हणा की बेमुळे म्हणा' – म्हणजे आपल्या 'या ना त्या कारणाने'सारखे. मला तर वाटते, या म्हणीचा जन्म एखाद्या शुद्धलेखनाच्या तासालाच झाला असावा.

मी मुळातला विमा कचेरीतला माणूस. जे उपयोगाचे नाही, ते टिपणातून काढून टाकावे, असे वळण हाताला पडलेले. त्यामुळे 'हे अक्षर यांनी ठेवले तरी कशाला?' या प्रश्नाने मला पछाडले. नातीला शाळेत सोडून आलो की मी मुलीच्या कपाटातली पुस्तके घेऊन बसू लागलो. आणि वाचता वाचता लक्षात आले की, हे अक्षर वाटते तितके रिकामटेकडे नाही. प्रत्येक एच्च्या मागे कुणीतरी गेलेले माणूस उभे आहे.

लॅटिन भाषेत मुलाला 'फीलियुस', करण्याला 'फाकेरे', पिठाला 'फारीना', लोखंडाला 'फेर्रुम', धुराला 'फूमुस' म्हणत. हा धुराचा फूमुस म्हणजे आपल्या संस्कृत 'धूम'चाच दूरचा भाऊ. स्पेनच्या उत्तरेकडच्या कास्तीय प्रांतात या शब्दांतल्या 'फ'चा हळूहळू 'ह' झाला. आपल्याला याचे आश्चर्य वाटायचे कारण नाही. संस्कृत 'बधिर'चा 'बहिरा', 'दधि'चे 'दही' आणि 'भवति'चे 'होणे' आपणही केलेच आहे. आपला 'ह' मात्र आपण अजून बोलतो. त्यांचा 'ह' सोळाव्या शतकापर्यंत पुष्कळांच्या तोंडी होता. नेब्रिखा नावाच्या पंडिताने १४९२ साली स्पॅनिशचे पहिले व्याकरण लिहून राणी इसाबेलला अर्पण केले, तेव्हा हा 'ह' जिवंत होता. मग तोही विरला. 'फ'चा 'ह' झाला, 'ह'ची हवा झाली. मुलगा झाला 'इखो', पीठ झाले 'अरीना', लोखंड झाले 'येर्रो', धूर झाला 'ऊमो'. पण लिहिताना मात्र जिथे पूर्वी 'फ' होता, तिथे एच् राहिला. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा पाडला तरी उंबरा तसाच राहावा, तसा.

आणि मूळ 'फ' तरी पुरता कुठे गेला आहे? धूर 'ऊमो' झाला, पण विडी ओढण्याला अजून 'फुमार' म्हणतात. लोखंड 'येर्रो' झाले, पण आगगाडीचा रस्ता 'फेर्रोकार्रिल'. शेजारच्या पोर्तुगीज भाषेने तर 'फ' सोडलाच नाही. तिथे पीठ अजून 'फारीन्य' आहे आणि लोखंड 'फेर्रु'. एकाच आईच्या दोन लेकी. एकीने दागिना मोडून खाल्ला आणि त्याची पावती जपून ठेवली, दुसरीने दागिनाच जपला.

दुसऱ्या तऱ्हेचे एच् थेट लॅटिनमधून आलेले. माणूस, तास, मान या अर्थांच्या शब्दांत लॅटिनमध्ये तो होता. पण बोलण्यातून तर रोमन काळातच गळाला होता. जुन्या स्पॅनिश हस्तलिखितांत हे शब्द पुष्कळदा एच्शिवायच लिहिलेले आढळतात. पुढे पंडितांनी तो परत आणून बसविला. माद्रिदला १७१३ साली रॉयल स्पॅनिश अकादमी स्थापन झाली, आणि तिने अठराव्या शतकात कोश नि शुद्धलेखनाचे नियम सिद्ध केले, तेव्हा या एच्ची जागा पक्की झाली. इटालियन लोकांनी मात्र असे केले नाही. त्यांनी तो सगळ्या शब्दांतून काढून टाकला आणि 'असणे' या क्रियापदाच्या चार रूपांपुरता ठेवला.

तिसरी तऱ्हा सगळ्यांत मौजेची. अंडे, हाड आणि अनाथ यांना लॅटिनमध्ये एच् नव्हता. 'उएवो', 'उएसो', 'उएर्फानो' हे त्यांचे स्पॅनिश अवतार. पूर्वी यू आणि व्ही ही दोन अक्षरे एकाच आकृतीने लिहीत. तेव्हा 'उए'ला कुणी 'वे' वाचू नये म्हणून पुढे एक एच् उभा केला. पाटी लावावी तसा. पुढे यू आणि व्ही वेगळे झाले, घोटाळा मिटला, पण पाटी कुणी काढली नाही. म्हणून आज अनाथाला एच् आहे आणि अनाथालयाला नाही; हाडाला आहे, 'हाडाचा' या विशेषणाला नाही. 'वास येणे' या क्रियापदाला तो नाही. पण त्याचेच 'वास येतो' हे रूप केले की तो हजर! आणि सगळ्यांवर कडी म्हणजे खुद्द देशाचे नाव. 'इस्पानिया' या लॅटिन नावात एच् होता, 'इस्पानो' या विशेषणात तो आजही आहे. पण 'एस्पान्या'त, म्हणजे ज्या घरात या अक्षराचे एवढे कौतुक त्या घराच्याच दारावर, तो नाही.

एके दिवशी प्रादो संग्रहालय पाहायला गेलो असताना मागच्या बाजूला असलेली अकादमीची इमारत मी बाहेरून पाहून आलो. या अकादमीतल्या सभासदांच्या खुर्च्यांना अक्षरांची नावे आहेत. मोठ्या लिपीतली वेगळी, छोट्या लिपीतली वेगळी. त्यांत एच्च्याही दोन खुर्च्या आहेत. जन्मात एक शब्द न बोललेल्या सभासदाला दोन-दोन खुर्च्या मिळाल्याचे उदाहरण आपल्याकडच्या सभागृहांतही शोधू गेल्यास सापडायचे नाही.

या खुर्च्या काढून घ्यायचा प्रयत्न झाला नाही असे नाही. काराकासला जन्मलेले थोर पंडित आंद्रेस बेयो यांनी १८२३ साली लंडनहून एका सहकाऱ्यासह सूचना मांडली की, अमेरिकेतल्या नव्या स्वतंत्र देशांनी लेखन सोपे करावे आणि मुका एच् काढून टाकावा. त्यांच्या सूचनांपैकी काही चिलीने पत्करल्या आणि १९२७ सालापर्यंत चालविल्या; पण एच् काही हलला नाही. पुढे १९९७ साली मेक्सिकोतल्या साकातेकास गावी भरलेल्या भाषा-परिषदेत गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी उठून सांगितले की, गुहेतल्या माणसांच्या काळातले हे एच् आता पुरून टाका. नोबेल पारितोषिक मिळविलेला लेखक, आणि स्वतःचे शुद्धलेखन कच्चे असल्याचे मोकळेपणी सांगणारा! मला त्यांच्याबद्दल एकदम जवळीक वाटली. नातीची वही त्यांना दाखवावी असेही वाटून गेले. पण मोठा गदारोळ झाला आणि एच् जागच्या जागी राहिला. वीसएक देशांत जी भाषा चालते, तिथे एका अक्षराला हात लावायचा तर किती घरांतली पुस्तके जुनी होतील, याचा हिशेब कोण करणार?

मला हे सारे वाचताना राहून राहून माझे वडील आठवत होते. ते शाळेत मराठी शिकवीत. १९६२ साली मराठीच्या लेखनाचे नवे नियम आले आणि ज्यांचा उच्चार होत नाही, असे अनुस्वार लिहू नयेत असे ठरले. 'नांव', 'गांव', 'पांच', 'दांत', 'कांहीं' यांच्या डोक्यावरची टिंबे एका फटक्यात उडाली. वर्गात वडील नवे नियम काटेकोरपणे शिकवीत. सरकारी हुकूम तो हुकूम. पण घरी पत्र लिहिताना त्यांची टिंबे शेवटपर्यंत सुटली नाहीत. एकदा मी कॉलेजातल्या ऐटीत त्यांना म्हणालो, "दादा, बोलत नाही ते लिहायचं कशाला?" त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "अरे, 'ग्राम'चा 'म' गेला, त्याची ही खूण आहे. गेलेल्या माणसाच्या नावाने आपण एक पान वाढतोच ना?" मी हसलो होतो. माद्रिदच्या त्या स्वयंपाकघरात, लाल वर्तुळांच्या वहीपुढे बसून मला पन्नास वर्षांनी कळले की, जगातल्या एका मोठ्या भाषेने माझ्या वडिलांसारखे केले आहे आणि मराठीने माझ्यासारखे. कोण शहाणे, हे ठरविण्याची हिंमत आता मला नाही. आमच्या पोरांना टिंबांचा जाच चुकला, हे चांगलेच झाले. पण वडिलांची पत्रे नवे नियम लावून कुणी शुद्ध करू लागला, तर मी त्याचा हात धरीन.

आणखी एक गोष्ट. माझी आजी वेंगुर्ल्याची. ती नेहमी 'इस्पितळ' म्हणे. आम्ही मुले 'हॉस्पिटल' म्हणणारी; तिला हसायचो. माद्रिदला एकदा दातदुखीसाठी जाताना टॅक्सीवाल्याला मी तीन वेळा 'हॉस्पिटल' म्हणून सांगितले; त्याला बोध होईना. शेवटी दार उघडून मी पाटी दाखवली, तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आ, ओस्पिताल!" आणि मला एकदम आजी दिसली. तिचा शब्द पोर्तुगिजांकडून आलेला. पोर्तुगिजांचाही एच् मुकाच. इंग्रजी शिकलेल्या नातवंडांनी जिला अडाणी ठरविले, तिचा शब्द आमच्याहून जुना आणि आपल्या परीने शुद्धच होता. हे तिला सांगायला मात्र आता फार उशीर झाला.

आमच्या खालच्या मजल्यावर एक ऐंशी उलटलेल्या बाई राहत. मूळच्या एस्त्रेमादुरा प्रांतातल्या एका खेड्यातल्या; लहानपणी आईबापांबरोबर माद्रिदला आलेल्या. मी आणि नात जिना उतरत असताना एकदा त्या भेटल्या. मी नातीला हाक मारली तेवढ्यात त्या थबकल्या आणि स्वच्छ म्हणाल्या, "हेमा? वा, हेमा!" मी बघतच राहिलो. मुलीने नंतर सांगितले की, त्या प्रांतात आणि आंदालुसियाच्या काही भागांत जुन्या माणसांच्या तोंडी तो जुना 'ह' अजून आहे. ती धुराला 'हूमो' म्हणतात, भुकेला 'हाम्ब्रे'. जे अक्षरही ती माद्रिदसारखे खरखरीत नव्हे, मऊ 'ह' उच्चारतात. आंदालुसियाच्या जिप्सी गाण्याला 'खोंदो', म्हणजे खोल, म्हणतात. तो शब्द 'ओंदो'च, पण मुक्या एच्ला त्या लोकांनी मुके होऊ दिले नाही, जे घालून बोलके ठेवले. आणि संपाला 'उएल्गा' म्हणतात, त्याच शब्दाचे तिकडचे रूप 'खुएर्गा', म्हणजे मौजमजा! शहराने ज्याचा संप केला, त्याचा खेड्याने सण केला.

त्या बाईंच्या शाळेत त्यांना या 'ह'साठी पट्टी खावी लागली होती, असे त्या हसत हसत सांगत. 'गावंढळ' म्हणत त्यांना. तेव्हापासून नातीचे नाव घ्यायला त्यांना निमित्त लागत नसे. जिन्यातून "हेमा!" अशी हाक आली की माझ्या काळजाचा ठोका चुके.

आता जे सांगायचे, ते सांगण्यासाठीच खरे म्हणजे हा लेख लिहायला घेतला.

एका संध्याकाळी शुद्धलेखन संपवून नात पेन्सिलीला टोक करीत होती. सहज विचारावे तसे तिने विचारले, "आजोबा, आजीचं नाव हेमा होतं ना? तुम्ही तिला मोठ्यानं 'हे' म्हणायचा की हळू?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसाच राहिलो. कारण खरे उत्तर होते – मी तिला हेमा म्हणतच नव्हतो. आमच्या वेळी नवराबायको एकमेकांना नावाने हाक मारीत नसत. ती मला 'अहो' म्हणे, मी तिला 'अगं'. लग्नात घास भरवताना तिने उखाण्यात माझे नाव घेतले होते. माझी पाळी आल्यावर मी लाजून काहीतरी पुटपुटलो आणि मित्रांनी टाळ्या वाजवून वेळ मारून नेली होती. मग चाळीस वर्षे 'अगं' चालले. रेशनकार्डावर तिचे नाव होते, बँकेच्या पासबुकावर होते, विम्याच्या कागदावर तर मी माझ्या हाताने लिहिले होते. लिहिले पुष्कळदा, उच्चारले कधी नाही. एकदा, मुलगी लहान असताना, ती म्हणाली होती, "कधी नावानं हाक मारलीत तर काय बिघडेल हो?" मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो होतो, "अगं, ऐकू येतं ना तुला, मग झालं तर!" तिने पुन्हा विचारले नाही.

शेवटच्या आजारात मात्र, ती गुंगीत असताना मी तिला नावाने हाक मारली होती. दोन-तीनदा मारली. तिने डोळे उघडले नाहीत.

हे सगळे सात वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखे नव्हते. मी म्हणालो, "मी तिला 'अगं' म्हणायचो."

तिने थोडा विचार केला. "म्हणजे तिचं सगळंच नाव मुकं होतं?" एवढे म्हणून ती पेन्सिलीचे भुसकट टाकायला उठून गेली.

दुसऱ्या आठवड्यात शाळेत कसलेसे छोटे संमेलन होते. मुलांच्या छातीवर नावाच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. मी मनाशी ठरवून गेलो होतो की, त्या बाईंना गाठून, येतील तेवढ्या स्पॅनिश शब्दांत नावाबद्दल आपले गाऱ्हाणे मांडायचे. पण आत शिरतो तो माझ्या आधीच तिथे एक गाऱ्हाणे चालू होते. मदतीला आलेल्या कुणीतरी चिठ्ठीवर ऐकल्याप्रमाणे 'एमा' लिहिले होते, एच् न घालता. आणि आमची नात कमरेवर हात ठेवून त्यांना सांगत होती की, आचे राहिला आहे. त्या म्हणत होत्या, "अगं, पण तो ऐकू येत नाही ना!" आणि ही म्हणत होती, "ऐकू येत नाही म्हणून काय झालं? तो आहे!"

त्यांनी हसून नवी चिठ्ठी लिहिली. मी माझे गाऱ्हाणे खिशातच ठेवले. ज्या अक्षराला काढून टाकण्याच्या बाजूने मी महिनाभर मनातल्या मनात मतदान करीत होतो, त्याच्या बाजूने माझ्या बायकोचे नाव लावणारी पोर उभी राहिली होती. आणि मला तिच्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार नव्हता. त्या लोकांनी निदान अक्षर लिहिले तरी आहे, चुकले तर लाल शाईने परत आणून बसविले आहे. मी काय केले होते?

आता मी पुण्याला परत आलो आहे. शाळेत तिला अजून एमाच म्हणतात, आणि तिला त्याचे काही वाटत नाही. तिच्या वहीवर मात्र पहिले अक्षर ठळक गिरवलेले असते. दर रविवारी फोन लागला की मी पहिल्याने तिला हाक मारतो. परवा ती म्हणाली, "आजोबा, एवढं मोठ्यानं नका ओरडू. ऐकू येतं मला."

तिचे बरोबर आहे. पण ही हाक मारायला मला थोडा उशीर झाला आहे. म्हणून आवाज जरा मोठा लागतो.